साखर उतारा : कृष्णाकाठच्या एका संज्ञेचा इतिहास

शंभर किलो ऊस गाळल्यावर जितके किलो साखर पोत्यात भरली जाते, तो आकडा म्हणजे साखर उतारा. कारखान्याने हंगामात १० लाख टन ऊस गाळून १ लाख १८ हजार टन साखर तयार केली, तर त्याचा उतारा ११.८० टक्के. व्याख्या एवढीच आहे. परंतु सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा आकडा दशांश चिन्हापुढच्या दोन स्थळांपर्यंत मोजला जातो, वर्तमानपत्रांत छापून येतो, सर्वसाधारण सभांमध्ये त्यावरून वाद झडतात आणि ‘यंदा रिकव्हरी किती लागली?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवरही विचारला जातो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील संज्ञा इतकी घरोघर पोचल्याची उदाहरणे महाराष्ट्रात थोडीच.

उतारा आणि उसातील साखर या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. उसाच्या रसात पाणी, साखर आणि साखरेखेरीज इतर विरघळलेले पदार्थ असतात. रसातील सर्व विरघळलेल्या घन पदार्थांचे शेकडा प्रमाण म्हणजे ब्रिक्स. एकोणिसाव्या शतकातील जर्मन गणितज्ञ आडोल्फ ब्रिक्स यांच्या कोष्टकांवरून हे नाव पडले. त्यांपैकी खरी साखर, म्हणजे सुक्रोज, किती हे ब्रिक्स सांगत नाही. त्यासाठी ‘पोल’ काढावा लागतो. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला की त्याचे प्रतल उजवीकडे फिरते, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ बियो यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. किती फिरते यावरून साखर मोजणारे पोलॅरिमीटर हे उपकरण पुढे साखर कारखान्यांत आले. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात विरघळवली तर या उपकरणाच्या मापावर १०० अंश दिसावेत, असा संकेत आहे. मोजणीच्या पद्धती जगभर एकसारख्या असाव्यात म्हणून १८९७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. इक्युम्सा या नावाने तो आजही काम करतो. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की रसाची शुद्धता मिळते.

शुद्धता महत्त्वाची का, हे एका हिशेबावरून कळते. जावा बेटावर डचांच्या काळात बसवलेले विंटर-कार्प सूत्र भारतातील ऊस संशोधन केंद्रांत अजून वापरतात. ब्रिक्समधून पोल वजा करायचा, उरलेल्याला ०.४ ने गुणायचे, ते उत्तर पोलमधून वजा करायचे आणि शेवटी ०.७३ ने गुणायचे, म्हणजे त्या उसातून निघू शकणारी व्यापारी साखर मिळते. समजा, दोन शेतांतील रसाचा ब्रिक्स २० असाच भरला. पहिल्यात पोल १८, दुसऱ्यात १६. पहिल्या उसातून १२.५६ टक्के साखर अपेक्षित, दुसऱ्यातून १०.५१ टक्के. जिभेला दोन्ही रस जवळजवळ सारखेच गोड लागतील. फरक पडतो तो साखरेखेरीजच्या पदार्थांमुळे. हे पदार्थ नुसतेच निरुपयोगी नसतात, ते आपल्याबरोबर साखरही मळीत अडकवून ठेवतात आणि तिचा दाणा बनू देत नाहीत.

कारखाने येण्याआधीही या भागाला उताऱ्याची कल्पना होती. ती गुळाच्या संदर्भात होती. कराडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णा कालवा काढण्यात आला. विहिरींच्या मोटांवर आणि या कालव्यावर पुंड्या नावाचा जाड, मऊ, रसाळ ऊस होई. त्याचा रस गुऱ्हाळात काढला जाई. लाकडी चरकाला बैल जुंपून निघणारा रस थोडा, चिपाडात राहणारा बराच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराबरोबर तिथे उसाचे लोखंडी चरकही तयार होऊ लागले. साखर उद्योगाच्या इतिहासात या चरकांचा उल्लेख सहसा होत नाही, पण तो व्हायला हवा. तोच ऊस, तेच शेत आणि तोच शेतकरी असताना केवळ यंत्र बदलल्याने गुळाचा उतारा वाढतो, हा अनुभव कृष्णाकाठाने या चरकांमुळे घेतला.

गुऱ्हाळातील रसायन गुळव्याच्या हातात असे. काहिलीत रस तापू लागला की चुना आणि भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून तो मळी वर आणी आणि झाऱ्याने काढून टाकी. चुन्याने रसातील आम्लता मारली नाही तर उष्णतेने सुक्रोज फुटून त्याची दुसरी, दाणा न धरणारी साखर होते. रसायनशास्त्रात याला इन्व्हर्जन म्हणतात. गुळव्याला हे नाव माहीत असण्याचे कारण नव्हते, पण चुना कमी पडला तर ढेप घट्ट बसत नाही आणि जास्त झाला तर गूळ काळा पडतो, हे तो पाक बोटांवर घेऊन ठरवीत असे. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघे. या आकड्याची साखरेच्या उताऱ्याशी तुलना करणे मात्र चुकीचे आहे, कारण गुळात फुटलेली साखर आणि क्षारही राहतात, तर कारखान्याच्या पोत्यात फक्त सुक्रोजचे दाणे जातात.

१९३२ मध्ये भारत सरकारने साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण दिले. देशात तोवर तीसच्या आसपास कारखाने होते. पाच वर्षांत ते सव्वाशेच्या पुढे गेले. फलटण संस्थानात फलटण शुगर वर्क्स उभा राहिला आणि त्याच्याभोवती साखरवाडी वसली. त्याच १९३२ साली सातारा जिल्ह्यात नीरेकाठी पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. कारखान्याबरोबर या भागात पोलॅरिमीटर आला, तर पाडेगावमुळे शेतातला ऊसही त्या उपकरणाखाली तपासला जाऊ लागला. पुंड्याची जागा कोईमतूरच्या को ४१९ ने घेतली. त्यानंतर १९५६ मध्ये पाडेगावने निवडलेला को ७४० आला आणि त्याने पुढची दोन-तीन दशके महाराष्ट्राची शेते व्यापली. १९९६ मध्ये प्रसारित झालेला को ८६०३२ हा वाण शेतकऱ्यांत ‘शहाऐंशी बत्तीस’ म्हणूनच ओळखला जातो. टनेज आणि साखर या दोन्हींचा तोल इतका टिकाऊपणे साधणारे वाण थोडेच झाले.

नव्या वाणाच्या निवडीत शेतकरी आणि कारखाना यांचे हितसंबंध नेहमी एका दिशेने जात नाहीत, हे फुले २६५ या वाणाने दाखवून दिले. पाडेगावचाच हा वाण क्षारपड जमिनीतही तग धरतो आणि भरघोस वजन देतो. शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. पण तो उशिरा पक्व होतो, हंगामाच्या सुरुवातीला तोडला तर उतारा पडतो. त्यामुळे अनेक कारखान्यांनी त्याच्या नोंदीला हात आखडता घेतला. शेतकऱ्याला पैसे वजनावर मिळतात आणि कारखान्याला साखरेवर. हा पेच वाणाचा नसून पैसे देण्याच्या पद्धतीचा आहे.

सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने तिथे १९५० च्या डिसेंबरअखेर पहिले गाळप झाले. कृष्णाकाठावर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ही लाट आली. सांगलीला वसंतदादा पाटलांचा शेतकरी सहकारी कारखाना आणि कराड तालुक्यात रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना उभा राहिला. पुढच्या काळात साखराळ्याला राजारामबापू पाटलांचा, यशवंतनगरला सह्याद्री, भुईंजला किसन वीर, शेंद्र्याला अजिंक्यतारा, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींचा हुतात्मा किसन अहिर असे कारखाने झाले. कोयनेची वीज आणि नदीवरील उपसा सिंचन योजना यांनी उसाला पाणी दिले. शेतकरी आता कारखान्याचा सभासद, म्हणजे मालक होता. मालकाला नफा-तोट्याच्या पत्रकाआधी जो आकडा समजत होता तो उताऱ्याचा. हुतात्मा कारखान्याचे नाव काटकसरीचा कारभार, चढा उतारा आणि चांगला दर या तिन्हींसाठी एका दमात घेतले जाते, ते या समजुतीमुळेच.

सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातील अनेक कारखान्यांचा हंगामी उतारा १२ टक्क्यांच्या आसपास जातो. त्याचे श्रेय बऱ्याच अंशी निसर्गाचे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असतो. थंडीत उसाची वाढ मंदावते, पण पाने साखर तयार करीतच राहतात. ती वाढीवर खर्च न होता कांड्यांत साठते. जून-जुलै-ऑगस्टमध्ये लावलेली आडसाली लागण सोळा-अठरा महिने शेतात उभी राहते आणि तिला पक्व व्हायला पुरता अवधी मिळतो. त्यामुळे नोव्हेंबरात ९-१० टक्क्यांवर सुरू होणारा दैनिक उतारा जानेवारी-फेब्रुवारीत शिगेला पोचतो आणि मार्चनंतरच्या उन्हात पुन्हा घसरू लागतो. हंगाम केव्हा सुरू करायचा हा प्रश्न दर वर्षी तापतो. लवकर बॉयलर पेटवला तर कोवळा ऊस गाळावा लागतो, उशीर केला तर शेवटचा ऊस उन्हाळ्यात सापडतो आणि तोडणी कामगार गावाकडे परततात.

कोणत्या शेताची तोड कधी द्यायची याचा निर्णय घेण्याआधी कारखान्याचा चिटबॉय हातातला रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात जातो. उसाच्या बुडख्याच्या कांडीचा आणि शेंड्याकडच्या कांडीचा एकेक थेंब काचेवर घालून तो ब्रिक्स वाचतो. बुडखा २१ आणि शेंडा १५ असेल तर ऊस कच्चा. दोन्ही आकडे जवळजवळ आले म्हणजे साखर वरपर्यंत भरली, ऊस तोडीला आला. त्यापुढे अंतर वाढू लागले तर समजावे की बुडख्याकडची साखर फुटायला लागली. हे काम नीट झाले आणि तोडीचा क्रम वशिल्याऐवजी पक्वतेप्रमाणे लागला, तर कारखान्यात एकही नवे यंत्र न बसवता उतारा वाढतो.

तोडलेल्या उसाचे घड्याळ वेगळे चालते. तोडल्या क्षणापासून त्यातील पाणी उडते आणि सुक्रोज फुटू लागते. पहिल्या दिवसात गाळला गेला तर नुकसान अल्प, तीन दिवस गाडीतळावर पडून राहिला तर डोळ्यांत भरण्याजोगे, आणि जाळून तोडला असेल तर आणखी जास्त. वाढे नीट न तोडता शेंड्यासकट ऊस आला किंवा मोळीत पाचट राहिले तर वजन भरते आणि साखर भरत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-वारणेकाठचा ऊस दिवसच्या दिवस बुडून राहिला. शेंडा कुजलेल्या उसाला बाजूने पांगशा फुटतात आणि कांडीतली साखर त्यांच्या वाढीत खर्च होते. अतिपाण्याने आणि खताच्या माऱ्याने वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांत हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. तिथल्या रसात क्षार अधिक असतात आणि ते साखर मळीत ओढून नेतात. जमिनीच्या आजाराचे निदान कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते ते असे.

कारखान्यात पोचल्यावर उसातली सगळी साखर पोत्यात येत नाही. मिलच्या साखळीत ऊस पिळताना वर पाणी सोडले जाते. तरीही उसाच्या २८ ते ३० टक्के भरणाऱ्या बगॅसमध्ये सुमारे दोन टक्के साखर राहते. चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन रस साफ केला जातो, तेव्हा गाळ म्हणून निघणाऱ्या प्रेसमडमध्ये थोडी जाते. सर्वांत मोठा वाटा मळीचा. निवळ रस आटवून ६० ब्रिक्सच्या आसपासचा पाक होतो, निर्वात पॅनमध्ये दाणा धरला जातो आणि सेंट्रिफ्यूगल यंत्रात दाणा व मळी वेगळी होते. तीच मळी पुन्हा उकळून दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा दाणा काढतात. तिसऱ्या खेपेनंतर उरणारी अंतिम मळी उसाच्या चार टक्क्यांच्या आसपास असते आणि तिच्यात अजून तीसेक टक्के सुक्रोज शिल्लक असते. ती काढणे परवडत नाही म्हणून मळी डिस्टिलरीला जाते. या सर्व वाटांची बेरीज उसाच्या सुमारे दोन टक्के होते. म्हणून उसात १४ टक्के साखर असेल तर उतारा १२ पडतो. रसायनज्ञांच्या नोंदवहीत याखेरीज ‘अज्ञात घट’ असा एक रकाना असतो. वजन, नमुने आणि नोंदी चोख असतील तर तो अगदी लहान राहतो. हा रकाना फुगू लागला की कुठेतरी साखर जळते आहे, सांडते आहे किंवा मोजली जात नाही, असे समजावे.

उताऱ्याच्या अपूर्णांकात वर साखर आणि खाली उसाचे वजन असते. वजनकाट्यावर ऊस कमी दाखवला गेला तर शेतकऱ्याचे टनेज बुडते आणि कागदावर उतारा उलट चढतो. तयार साखर कमी दाखवली तर उतारा उतरतो. म्हणून नुसत्या उताऱ्यावरून कारखान्याचा प्रामाणिकपणा किंवा कार्यक्षमता ठरवता येत नाही. काटा आणि प्रयोगशाळा दोन्ही उघडे असले तरच हा आकडा विश्वासाला पात्र होतो.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाची किमान किंमत ठरवताना उतारा हा एक घटक धरला. ही किंमत एका पायाभूत उताऱ्याला जोडली गेली. तो पाया दीर्घकाळ ८.५ टक्के होता. २००५ नंतर तो ९ झाला. २००९ मध्ये किमान किमतीच्या जागी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी आली, तेव्हा ९.५, २०१८-१९ मध्ये १० आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के. पायावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला वाढीव रक्कम मिळते. पाया हलवण्याचा परिणाम जाहीर आकड्यात दिसत नाही. २०१७-१८ मध्ये ९.५ टक्क्यांना क्विंटलमागे २५५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ ला २.६८ रुपये होते. पुढच्या वर्षी १० टक्क्यांना २७५ रुपये आणि ०.१ ला २.७५ रुपये. जाहीर वाढ २० रुपयांची. आता १२ टक्के उतारा असलेल्या कारखान्याचा हिशेब मांडला तर आधीच्या वर्षी दर ३२२ रुपये येतो आणि नंतरच्या वर्षी ३३०. म्हणजे सांगलीच्या शेतकऱ्याच्या पदरात क्विंटलला ८ रुपये पडले. ऊस परिषदांमध्ये पायाभूत उताऱ्यावरून इतका संताप का व्यक्त होतो, ते या दोन ओळींच्या गणितात आहे. २०२५-२६ साठी १०.२५ टक्क्यांना ३५५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक ०.१ ला ३.४६ रुपये ठरले. १२ टक्क्यांना हा दर टनामागे ४,१५५ रुपयांवर जातो. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो.

कोणत्या हंगामाचा उतारा धरायचा, हा दुसरा वाद. ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे नियंत्रण आदेश सांगतो. चालू हंगामाचा सरासरी उतारा मात्र गाळप संपल्यावरच कळतो. म्हणून मागील हंगामाचा उतारा धरून दर देण्याची पद्धत पडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने चालू हंगामाचा उतारा धरून एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय घेतला. शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. न्यायालयाचा हा निकाल शेतकऱ्याच्या दृष्टीने योग्यच होता. ज्याचा ऊस नोव्हेंबरात गेला त्याने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हिशेबाची वाट पाहावी, याला काही आधार नव्हता.

इथेनॉलने या संज्ञेचा अर्थच हलवला आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर कारखाने अंतिम मळीऐवजी दुसऱ्या टप्प्याची, साखर जास्त असलेली बी-हेवी मळी, तर काही वेळा थेट रस किंवा पाक इथेनॉलकडे वळवू लागले. साहजिकच पोत्यातली साखर कमी झाली आणि दिसणारा उतारा घसरला, जरी उसात काहीच फरक पडलेला नव्हता. दरासाठी ही वळवलेली साखर पुन्हा हिशेबात धरावी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंधने घातली, तेव्हा तर एकाच हंगामातील दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे कठीण झाले. आता उताऱ्याचा आकडा वाचताना तो इथेनॉलपूर्वीचा की नंतरचा, हे आधी विचारावे लागते.

या सर्वांच्या मुळाशी एक जुना दोष आहे. दर ठरतो तो संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. वेळेवर लागण, बेताचे नत्र, स्वच्छ तोड करून १३ टक्क्यांचा ऊस पिकवणारा आणि क्षारपड रानातला १० टक्क्यांचा ऊस घालणारा, दोघांनाही टनाला एकच भाव. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाचा पहिल्या रुळाखालचा रस तपासून त्याची व्यापारी साखर काढतात आणि तीवर पैसे देतात. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातही उसातील मिळू शकणाऱ्या साखरेवर दर ठरतो. कृष्णाकाठी अर्ध्या-एक एकराचे हजारो सभासद, दिवसाला शेकडो बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांमुळे तपासणी अवघड आहे, हे खरे. अशक्य मात्र नाही, कारण नमुना काढणारी यंत्रे आणि ती चालवणारे रसायनज्ञ दोन्ही आज उपलब्ध आहेत. सभासदांनी आपल्या वार्षिक सभेत दराइतक्याच आग्रहाने दैनिक ब्रिक्स, पोल आणि घटीचे तक्ते मागावेत. तोपर्यंत सातारा-सांगलीतील उत्तम ऊस पिकवणारा शेतकरी आपल्या साखरेचा काही भाग सरासरीत गमावत राहील.